दार वर असताना पार्सल खाली

शेवटी पार्सल आत्याला मिळालं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण पार्सल अजून पोस्टमनच्या पिशवीत आहे आणि आम्ही सगळे जिन्याखाली उभे आहोत.

पार्सलात आत्याचं कानाचं यंत्र होतं. जुनं बिघडल्यापासून ती फोनवर अंदाजाने बोलायची. लेकीने विचारलं, "आई, मी घटस्फोट घेऊ का?" आत्या म्हणाली, "घे की, दोन घे." तेव्हापासून लेकीचा फोन नाही.

"आज दिलं नाही तर पार्सल परत जाईल," पोस्टमन म्हणाला. "आणि नियमाने द्यायचं ते दारातच, घरच्या माणसाच्या सहीने."

"बाहेरच्यांना जिना बंद," सेक्रेटरी म्हणाले. "रंग ओला आहे. लिफ्टही बंद आहे."

"अहो, आत्याचं दार चौथ्या मजल्यावर आहे!" मी म्हणालो.

"तो दाराचा प्रश्न आहे."

तळमजल्यावरचे सुतारकाका उठले, वर गेले आणि बिजागऱ्या काढून आत्याचं दार पाठीवर घेऊन आले. रहिवाशांना जिना मोकळा होता. दाराबद्दल नियमात काहीच नव्हतं.

आम्ही दार उभं धरलं. मी मागे गेलो. पोस्टमनने टकटक केली. मी अर्थातच, "कोण?" विचारलं.

"पोस्टमन. बाई आहेत का घरात?"

"आहेत, वरच्या खोलीत. घर जरा मोठं आहे आमचं."

"सही करा."

सही करून मी पार्सल वर देऊन आलो. यंत्र कानात बसताच आत्याने लेकीला फोन लावला. "बाळा, मी तेव्हा काय बोलले ते मलाच ठाऊक नाही. आता पहिल्यापासून सांग." आणि मग ती, आयुष्यात पहिल्यांदाच, नुसती ऐकत राहिली. ऐकता ऐकता रडली.

तिच्यासोबत तिसरा मजलाही रडला. दारच नव्हतं ना. मी दार उचलून जिन्याकडे वळलो, तर सेक्रेटरी आडवे आले. अवजड सामान वर न्यायचं ते फक्त लिफ्टने, असा नियम त्यांनी नुकताच केला होता.

म्हणून मी रीतसर अर्ज दिला आहे:

"मायलेकींचं बोलणं खाजगी असून ते सध्या संपूर्ण इमारत ऐकत आहे. सबब, लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत चौथा मजला तळमजल्यावर, दाराच्या मागे, आणून ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती."