उसना मामा

इस्त्रीवाल्याने नुसती मान डोलावली असती, तरी त्याच्या पदरात एक भाची पडली असती. शिवाय दोन-तीनदा चहा, पुढेमागे लग्नाचं बोलावणं, आणि भर रस्त्यात "मामा" अशी हाक. बरेच दिवस त्याला तशी हाक कोणी मारली नव्हती.

एके काळी त्याची चंगळ होती. एचआयव्हीची गोळी तेव्हा एकट्यादुकट्याला मिळत नसे. आधी घरचं माणूस आणा, त्याच्यासमोर तीनदा समजावून घ्या, मग औषध. घरचं माणूस आणायचं तर घरी सांगायला हवं, आणि तिथंच घोडं पेंड खायचं. असे अडलेले लोक इस्त्रीवाल्याकडे येत, आणि तो त्यांचा मामा बनून सोबत जाई. आजार त्यालाही होता. आपल्या वेळी त्याने शेजारच्या कुलूपवाल्यालाच थोरला भाऊ करून नेलं होतं. तेव्हापासून दुकानात एक पांढरा शर्ट कडक इस्त्री करून टांगलेला असे. चुरगळलेल्या मामावर कोण विश्वास ठेवणार?

त्याच्याहून वयाने मोठा ट्रकवालासुद्धा त्याचा भाचा झाला. समजावणाऱ्या बाई सगळं ओळखून होत्या. एकदा चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मामा, तुम्हाला बहिणी तरी किती?"

"आमच्या वडिलांना दुसरा उद्योग नव्हता, बाई."

बाईंनी हसू गिळून पुढच्या भेटीची तारीख दिली.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर भाचेमंडळी एकमेकांचे डबे उघडत, ज्याचं वजन वाढलं त्याच्याकडून चहा उकळत. सख्ख्या नात्यात नसेल एवढी माया त्या बाकावर होती. दुकानात हे आठवत बसलं की इस्त्रीतला कोळसा फुकट जळे. भाच्यांतला एक वेल्डर आठवला की मात्र हात पुन्हा चालू लागे. तो बिचारा तिसऱ्या भेटीची वाट बघत राहिला आणि त्याआधीच गेला.

मग नियम बदलले. आजाराचा खर्च विम्याच्या कार्डात बसला, निदान झालं त्याच दिवशी गोळी हातात पडू लागली. बाक ओस पडला आणि मामाची नोकरी गेली.

आज तो स्वतःची औषधं घ्यायला आला, तर बाकावर एक मुलगी तपासणीचा कागद मुठीत धरून बसलेली. कपड्यांच्या कारखान्यात घड्या घालते म्हणाली. घरचं कोणी लागतं, असं तिने कुठंतरी ऐकलं होतं. ती परत निघालीच होती. याचा पांढरा शर्ट बघून हळूच म्हणाली, "तुम्ही याल माझ्याबरोबर? आजच असं नाही. तुम्हाला सवड होईल तेव्हा."

"शनिवारी बघू" हे शब्द इस्त्रीवाल्याच्या ओठांवर आलेही होते. तेवढ्यात वेल्डर आठवला.

"कोणी लागत नाही, पोरी. आत जा, कार्ड दाखव. आजच गोळ्या देतील."

"आणि पैसे?"

"कार्डातून."

"घरी कळवतील?"

"तू सांगशील तेव्हाच."

ती गेली. बऱ्याच वेळाने बाटली पिशवीत दडवत बाहेर आली. चेहरा जरा सैल झाला होता. फाटकापाशी वळून म्हणाली, "येते हं, काका."

गोळ्यांचे पैसे विम्याने भरले, तपासणीचे सरकारने. मुलीला दमडी पडली नाही. भाची तेवढी इस्त्रीवाल्याच्या खिशातून गेली.