मानेतले धागे पाहणारा पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. पण माझ्यावर झोपायला कोणी हौसेने येत नाही. कॅनडातल्या विनिपेगमधल्या एका रुग्णालयाच्या एक्स-रेखोलीत माझे आयुष्य गेले. माझ्या पोटात मोटार आहे. बटण दाबले की मी डोक्याच्या बाजूने खाली कलतो.

मी नवा होतो तेव्हा हाताकडे जाणाऱ्या नसांची मानेतली मुळे पाहायला लोक माझ्याकडेच येत. डॉक्टर रुग्णाच्या कमरेत सुई घालून मणक्यातल्या पाण्यात एक औषध सोडत. मी हळूहळू कललो की ते मानेपर्यंत वाहत जाई. एक्स-रेत औषध पांढरे दिसे आणि त्यात नसांची मुळे काळ्या धाग्यांसारखी उमटत. अपघाताच्या हिसक्याने मूळ उपटलेले असले तर धागा नसे. तिथे औषध बाहेर झिरपून छोटी पिशवी दिसे.

पुढे एमआरआय आले आणि माझे दिवस फिरले. माझ्यावर ब्लँकेटांचे गठ्ठे साठू लागले. एका ख्रिसमसला तर माझ्यावर केक कापला! अखेर मला मोडीत काढायचे ठरले.

त्याच हिवाळ्यात मार्सेल देजार्ले आला. हा तरुण वेल्डर. गोठलेल्या तळ्यावर त्याची बर्फावर धावणारी स्नोमोबाईल उलटली होती आणि तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्यातून नुसता लोंबत होता. कामावर उडालेला लोखंडाचा बारीक कण त्याच्या डोळ्यात रुतलेला होता. एमआरआयच्या चुंबकाने तो हलला असता, तर डोळाच गेला असता.

"कापून टाका हा हात एकदाचा," तो डॉक्टर सिग्रिड थोरलॅक्सनना म्हणाला. "रात्रंदिवस जळतो, आणि उपयोग शून्य."

"उपयोग तर तुझ्या जिभेचाही नाही. तीही कापायला सांगू?" त्याची मावशी लिओना म्हणाली. बोलताना तिने तोंड मात्र फिरवून घेतले.

"हात काय, कधीही कापता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "आधी मुळं बघू. नस पुढे तुटली असली आणि एखादं मूळ जरी शाबूत असलं, तरी पायातली नस घेऊन तिथून हाताला जोड देता येईल."

"आणि सगळीच उपटली असतील तर?"

"तर दुसरे उपाय आहेत, पण अवघड आहेत. खोटं कशाला सांगू?"

तंत्रज्ञ ओरिसियाने माझ्यावरचे गठ्ठे उतरवले. मार्सेलला पालथे निजवून पट्ट्यांनी बांधले. औषध आत गेले आणि तिने बटण दाबले. मित्रांनो, इतक्या दिवसांनी माझी मोटार चालेल का, या विचाराने मीच घाबरलो होतो. ती कण्हली, थबकली आणि पुन्हा फिरू लागली.

"हा म्हातारा मला खाली टाकणार तर नाही ना?"

"हळू बोल, रुसेल तो," ओरिसिया म्हणाली. "आणि हनुवटी वर! औषध डोक्यात जायला नको."

पडद्यावर पांढरा प्रवाह मानेत उतरला. खालच्या तीन जागी पिशव्या दिसल्या.

"सगळे गप्प का? अहो, सांगा ना!" पालथा मार्सेल ओरडला.

डॉक्टर पडद्यावर वाकल्या. "खालची तीन गेलीत. पण वरची दोन आहेत, मार्सेल. दोन्ही आहेत!"

मग सीटी स्कॅनमध्येही तेच दोन धागे स्पष्ट दिसले. बाहेर मावशीला कळले तेव्हा ती हसतही होती आणि नाकही पुसत होती.

शस्त्रक्रिया झाली, पण नसा फार सावकाश वाढतात. दोन उन्हाळे उलटल्यावर मार्सेल मुद्दाम मला भेटायला आला. मावशीची पर्स त्याने उजव्या मनगटाला अडकवली, दात आवळले आणि कोपर वाकवून ती छातीपर्यंत उचलली. बोटे अजून हलत नव्हती.

"काय भरलंयस यात, दगड?" तो म्हणाला.

"उचल मुकाट्याने," मावशी म्हणाली. "घरापर्यंत तुलाच न्यायचीय."

मला मोडीत काढायचे राहून गेले. एमआरआय ज्यांना चालत नाही असे रुग्ण अधूनमधून येतात, म्हणून ओरिसिया माझ्या मोटारीला तेलपाणी करते.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची निगा राखा, एवढेच मागणे आहे. आणि एखादा हात निपचित लोंबताना दिसला, तर तो गेला असे लगेच म्हणू नका. आत, मानेपाशी, एखादा धागा अजून धरून असेल.