पाच वाजताचा खेळ

ठकी अडीच वर्षांची असताना तिची आई दूरच्या शहरातल्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाली. नवरा छापखान्यात, सकाळी गेला की अंधार पडल्यावरच घरी. म्हणून त्याची थोरली बहीण राहायला आली. ठकीची आत्या. बोलायला कमी, कामाला वाघ.

जाताना आईनं खेळांची एक वही करून ठेवली. रोज संध्याकाळी पाच वाजता ती फोनवर दिसायची आणि वहीतला एक खेळ घ्यायची. रंगाप्रमाणे बटणं वेगळी करायची. मोठ्या वाटीतलं पाणी न सांडता लहान वाटीत ओतायचं. ताटात मीठ पसरून त्यात बोटानं 'क' काढायचा.

"ताई, तिचा हात धरू नका. तिचं तिला करू द्या."

आत्या हात मागे घ्यायची. पाणी सांडलं की मुकाट्यानं पुसायची.

ड्युटीत पायांचे तुकडे पडले तरी आईनं एक दिवस चुकवला नाही. सोबतच्या नर्सेस चिडवायच्या, "चला, बाईंची शाळा भरली!" ती हसून सोडून द्यायची. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवता येत नव्हता, निदान डोक्यात चार गोष्टी तरी घालता येत होत्या.

दीड वर्षानं महिन्याची रजा काढून ती आली. बॅगभर ठोकळे, मणी, चित्रांची कार्डं आणली. ठकीनं दारातून तिला निरखून पाहिलं आणि आत पळाली. आई हात पसरून तशीच उभी. पोरगी सतरंजी घेऊन आली, अंथरली आणि मांडी घालून ताठ बसली.

"आज काय करायचं?"

"काही नाही गं. नुसती माझ्याजवळ ये."

ठकीला कळेना. तिनं आत्याकडे पाहिलं.

पुढचे दिवस तसेच गेले. आईसमोर रडणं नाही, हट्ट नाही. हट्ट, रुसवे, मांडीवर लोळणं, सगळं आत्याच्या वाट्याला. दुपारी आईनं कुशीत घेतलं तर लाकडासारखी पडून राहायची, मग हळूच विचारायची, "आता जाऊ?"

आई शेवटी स्वयंपाकघरात भडकली. "ताई, तुम्ही तिला माझ्याबद्दल काय सांगत होतात?"

"हेच की आई दमलेली असते. नीट बस, रडू नकोस."

"रडू नकोस कशाला?"

आत्या भांडं घासत राहिली. "एकदा रडली, तेव्हा तू फोन बंद केलास. म्हणालीस, थांबली की लावा."

आईला आठवलं. तेव्हा तिचेच डोळे भरून आले होते, ते पोरीला दिसू नयेत म्हणून तिनं फोन ठेवला होता. पण हे आता कुणाला सांगायचं?

दोन दिवसांनी ठकी जिन्यात पडली. गुडघा चांगलाच फुटला. आई धावली, पायरीवर बसली, हात पुढे केले. रोज परक्या माणसांच्या जखमा बांधणारे हात. ठकी तिला वळसा घालून वर गेली आणि आत्याला बिलगून मोठ्यानं रडली.

आत्याला पट्टी बांधता येईना. आई जवळ आली की पोरगी किंचाळायची. मग दारातूनच आई म्हणाली, "आधी पाण्यानं धुवा, ताई. आता कापसानं दाबून धरा. थोडं आणखी."

महिना भरायला आठ दिवस असताना ती परत कामावर गेली. राहा असं कुणी म्हणालं नाही.