‘नाही’ म्हणणारी लाल गाडी

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसं चढून बसली होती, समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे एका लाल, बुटक्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारवर खिळले होते. गाडी जागची हलत नव्हती, नुसती घुमत होती. आत, ड्रायव्हरच्या जागेवर, नादबाबा डोळे मिटून बसले होते.

नादबाबांची ख्याती अशी, की त्यांना वस्तूंमधून मेलेल्यांचा आवाज ऐकू येतो. याआधी एका दाराच्या बिजागरीत त्यांना कुणाची तरी आत्या सापडली होती. बिजागरीला तेल घातल्यावर आत्या मुक्त झाली, असं बाबाच सांगत. त्या मानानं स्पोर्ट्स कार म्हणजे बढतीच म्हणायची.

“वकीलसाहेब,” बाबा खर्जात म्हणाले, “तुमची आरामखुर्ची भाच्याला द्यावी का?”

इंजिनाचा आवाज चढत गेला. बाबांच्या उजव्या हातात चावीला लटकलेला किल्ल्यांचा जुडगा होता. किल्ल्या म्हणजे घरधन्याचे प्राण, त्या हातात असल्याशिवाय आत्मा ओळख देत नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. आवाज अगदी टिपेला गेला आणि मागच्या नळकांड्यातून धाडकन बार उडाला. भिंतीवरचे दोघे दचकून खाली उतरले. गर्दीतून एक लांब हुंकार गेला.

“नाही म्हणाले,” खुर्चीवर बसलेल्या वकीलवहिनी पुटपुटल्या. “अगदी असेच म्हणायचे. टेबलावर हात आपटून.”

गर्दीच्या अगदी मागे गॅरेजवाले उस्ताद उभे होते. त्यांना तिथून निघून जायचं होतं. तेवढ्यात बाबांनी एक डोळा उघडला.

“ज्यांना शंका असेल त्यांनी विचारून घ्या. या गाडीचा वैद्य इथेच उभा आहे. उस्ताद, तुम्ही ही गाडी तीनदा तपासलीत. दोष आहे?”

सगळ्या माना वळल्या. उस्तादांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“इंजिनात दोष नाही,” ते म्हणाले.

“ऐकलंत? यंत्रात दोष नाही. मग आवाज कुणाचा?” बाबांनी डोळा पुन्हा मिटला. “साहेब, आता आजचं शेवटचं. तुमच्या लेकीनं नोकरीसाठी परगावी जावं का?”

लेक पायरीवर उभी होती. इंजिन चढलं आणि बार उडाला. या वेळी एवढा मोठा, की काचा थरथरल्या. वहिनींनी तोंडावर रुमाल दाबला, आणि लेक वळून घरात निघून गेली. तिनं दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. उस्तादांना ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यांना ‘उस्ताद’ हे नाव लोकांनी दिलं होतं. इंजिनाचा आवाज ऐकूनच दोष सांगणारा माणूस, अशी त्यांची ओळख होती, आणि ती त्यांनी शर्टाच्या इस्त्रीसारखी जपली होती. वकीलसाहेब त्यांचे जुने गिऱ्हाईक आणि मित्रही. साहेब गेले, त्यानंतर वहिनी आणि लेक ती गाडी वापरू लागल्या, आणि ती बार काढू लागली. खड्ड्यात, वळणावर, वेग कमी-जास्त होताना, कधीही. गाडी गॅरेजमध्ये आली. उस्तादांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर साफ केला, सायलेन्सरचे सांधे आवळले. शहराबाहेरच्या रस्त्यावर पिटाळून आणली. एकही बार नाही. परत दिली की दुसऱ्या दिवशी बार हजर. असं तीनदा झालं.

तिसऱ्यांदा गाडी परत देताना ते वहिनींना म्हणाले होते, “वहिनी, गाडीत काही दोष नाही.” खरं वाक्य वेगळं होतं. ‘मला दोष सापडला नाही,’ हे ते खरं वाक्य, आणि ते त्यांच्या जिभेवर अगदी आलं होतं. पण उस्ताद म्हणवणाऱ्या माणसानं ते म्हणायचं कसं? एवढ्याशा बदलानं कुणाचं काय बिघडतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. दोष नाही, तरी आवाज आहे, या फटीतून आठवड्याभरात नादबाबा आत शिरले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, लेक गाडी घेऊन गॅरेजमध्ये आली. ती जनावरांची डॉक्टर होती, आणि ज्या नोकरीला गाडीनं बार काढून ‘नाही’ म्हटलं होतं ती तिला एका मोठ्या पशुरुग्णालयात मिळाली होती.

“काका, येताना दोनदा उडाला,” ती म्हणाली. “तुमच्या दारापर्यंत.”

“चावी दे,” उस्ताद म्हणाले. त्यांनी सवयीनं कडीतून गाडीची चावी सोडवली आणि उरलेला जुडगा तिच्या हातात परत ठेवला. मग बॉनेट उघडलं. इंजिन चालू केलं, चढवलं, उतरवलं. गाडी गुणी मुलीसारखी चालली.

“बघ,” ते म्हणाले. “काहीच नाही.”

“काका, आमच्याकडे लोक कुत्री आणतात. घरी लंगडतं म्हणतात, आणि दवाखान्याच्या फरशीवर ते सरळ चालतं. मालक म्हणतो, नाटकं करतंय. आम्ही ‘कुत्र्यात दोष नाही’ असं लिहून देत नाही. घरी जाऊन बघतो. घरी जिना असतो.”

उस्तादांनी मान खाली घातली. ती टोमणा मारत नव्हती, म्हणून जास्त लाज वाटली.

“घरी आणि इथे, फरक काय आहे, तेवढंच विचारतेय,” ती म्हणाली. “रस्ता तोच, पेट्रोल तेच. तुम्ही गाडी घेतल्यावर वेगळं काय करता?”

“काही नाही गं. चावी घेतो, काम करतो.”

तिनं हातातल्या जुडग्याकडे पाहिलं. तो तिच्या तळहातावर मावत नव्हता. “हा परत का दिलात?”

“तो नियम आहे. गिऱ्हाइकाच्या घराच्या किल्ल्या गॅरेजमध्ये ठेवायच्या नाहीत. उद्या काही चोरीला गेलं तर आपल्यावर नाव नको. माझ्या वस्तादांनी घालून दिलाय.”

“दर वेळी देता?”

“दर वेळी.” उस्तादांची नजर जुडग्यावर गेली.

“हा जुडगा आईनं पप्पा गेल्यावर केला,” लेक सावकाश म्हणाली. “ऑफिसच्या, कपाटांच्या, फाटकाच्या, सगळ्या किल्ल्या एका कडीत. काही हरवायला नको म्हणून. पप्पा गाडीची चावी सुटीच ठेवायचे.”

उस्तादांनी जुडगा घेतला, चावीला लावला आणि इंजिन सुरू केलं. पायानं आवाज चढवला आणि जुडगा हलकेच खाली ओढला. धाडकन बार उडाला. पुन्हा ओढला, पुन्हा उडाला. सोडून दिला, तर गाडी गुपचूप.

चावी जिथे फिरते तो स्विच जुना होऊन आतून झिजला होता. सुटी चावी असेल तर तो काम देत होता. पण एवढं वजन लटकलं, आणि त्याला धक्का बसला किंवा हिसका बसला, की आतला जोड क्षणभर सुटे. तेवढ्या क्षणात प्लगची ठिणगी बंद पडे. इंजिन मात्र वेगानं फिरतच असे, म्हणून न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाई. जोड परत लागला, ठिणगी आली, की ते साठलेलं पेट्रोल तिथेच भडकून उठे. तोच तो बार. इतकं साधं होतं ते. त्यांनी कॉइल बदलली, प्लग बदलले, आणि चावी मात्र स्वतःच्या प्रामाणिकपणाच्या नियमानं दर वेळी हलकी करून तपासली.

“आणि नादबाबा जुडगा हातात घेऊन बसतात,” लेक म्हणाली.

“कधीतरी जुडग्याला गुडघा लागला असेल. मग कळलं असेल.” उस्तादांनी कपाळावरचा घाम पुसला. मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, स्विच दुपारपर्यंत बदलून देतो. रविवारी बाबा बसतील, ओढतील, काही होणार नाही. विषय संपला.”

“संपणार नाही. बाबा म्हणतील, साहेबांचा आत्मा शांत झाला. लोक हात जोडतील. आई नादबाबांना आयुष्यभर विसरणार नाही. आणि तुम्ही काय बोलला होतात, तेही कुणाला आठवणार नाही. खरं ना?”

खरंच होतं. तेच त्यांच्या मनात होतं. आपल्या मित्राच्या पोरीसमोर आपण इतके उघडे पडू, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“बदलू नका,” ती म्हणाली. “रविवारी या. एवढंच मागते. पुढच्या आठवड्यात मला हजर व्हायचंय. मी भांडून जाऊ शकते, काका. पण मग आई एकटी राहील आणि गाडीशी बोलत बसेल.”

रविवारी गर्दी दुप्पट होती. लेकीनं अजून नोकरी नाकारली नव्हती, म्हणून तो प्रश्न आज पुन्हा, कायमचा विचारायचा होता. बाबा नवा रेशमी कुर्ता घालून आले होते. “आत्मा आज जड आहे,” त्यांनी जाहीर केलं, “पेट्रोल भरपूर आहे ना?” आणि गाडीत बसून त्यांनी इंजिन सुरू केलं.

उस्ताद गर्दीतून वाट काढत पुढे आले. एवढं अंतर चालताना त्यांना सगळी तोंडं ओळखीची वाटत होती. यातल्या कितीतरी जणांच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

“मला बोलायचंय,” ते म्हणाले. “गेल्या खेपेला मी म्हणालो, इंजिनात दोष नाही. मला तसं म्हणायचा अधिकार नव्हता. मला दोष सापडला नव्हता. माझं हसं होईल म्हणून मी शब्द फिरवला.”

गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही. उस्तादांनी गाडीत हात घालून इंजिन थांबवलं, कडीतून चावी सोडवली, जुडगा वहिनींच्या मांडीवर ठेवला आणि सुटी चावी लावून गाडी पुन्हा सुरू केली.

“विचारा आता,” ते बाबांना म्हणाले.

“किल्ल्यांशिवाय प्राण...” बाबा अडखळले.

“प्राण वहिनींजवळ आहेत. तुम्ही विचारा.”

बाबांनी विचारलं. इंजिन चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. कुर्त्याची बाही घामानं चिकटली. गाडीनं साधा खोकलाही काढला नाही.

“हो म्हणाले,” गर्दीतून एक आजी आनंदानं म्हणाल्या. “गप्प बसले म्हणजे हो. जा पोरी, तुझ्या बापानं परवानगी दिली.”

लोक टाळ्या वाजवू लागले. बाबांच्याही चेहऱ्यावर रंग आला. “मीही तेच म्हणणार होतो,” ते म्हणाले.

“नको,” लेक म्हणाली, आणि टाळ्या विरल्या. “हा होकार मला नको. तो नकार खोटा होता, तसाच हाही खोटा आहे. आई, तू बस गाडीत.”

बाबांना उतरावं लागलं. वहिनी बसल्या. उस्तादांनी जुडगा परत चावीला लावला आणि काय करायचं ते सांगितलं. वहिनींनी पायानं आवाज चढवला, दोन बोटांनी जुडगा खाली ओढला. बार उडाला. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा उडाला. मग हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बसल्या, आणि गाडी एकसारखी घुमत राहिली. उस्तादांनी लोकांना स्विचचं, ठिणगीचं, साठलेल्या पेट्रोलचं सगळं समजावून सांगितलं. कधी कोण जाणे, नादबाबा फाटकाबाहेर गेले होते. त्यांच्या जाण्याचा मात्र काही नाद झाला नाही.

वहिनींनी इंजिन बंद केलं.

“मी रोज संध्याकाळी इथे येऊन बसायचे,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याशी बोलायचे. एकदा गाडी काढताना बार उडाला, तर मला वाटलं रागावलेत, म्हणून मी माफी मागितली. तुम्हाला ठाऊक होतं का हे स्विचचं?”

“नाही वहिनी. पण मला ठाऊक नाही, हे ठाऊक होतं.”

“तेवढं जरी सांगितलं असतंत.” त्या रागावल्या नव्हत्या, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मग बार ऐकून मी तिला अडवलं नसतं.”

“खरंय,” उस्ताद म्हणाले.

वहिनी गाडीतून उतरल्या आणि लेकीकडे वळल्या. “सामान भरायला घे. आणि हे मी सांगतेय. तुझी आई.”

लेकीनं मान हलवली आणि आईचा हात धरून आत गेली.

माणसं पांगू लागली. त्यातलं कुणी मूर्ख नव्हतं. त्यांनी एका जाणत्या माणसाला विचारलं होतं आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. म्हणून सांगायचं ते एवढंच: कुणी ‘तिथे काही दोष नाही’ म्हणालं, तर नीट बघितलंस का, कसं बघितलंस, घरी असताना बघितलंस की फक्त दवाखान्यात, हे विचारा. आणि आपल्याला विचारलं, आणि कळत नसेल, तर कळत नाही म्हणा. त्यानं माणूस लहान होत नाही. न कळलेली गोष्ट उद्या कळू शकते. कळल्याचं सोंग केलं की ती वाट बंद होते, आणि त्या बंद वाटेवर कुणीतरी दुकान थाटतं.

उस्ताद फाटकाशी पोचले, तेव्हा गॅलरीतून खाली उतरलेला एक शेजारी त्यांच्याजवळ आला. “उस्ताद, आमच्या गच्चीवर दुपारी कुणीतरी चालल्यासारखं वाजतं. सासूबाई म्हणतात, मागच्या भाडेकरूंचं काहीतरी राहिलंय. तुम्हाला काय वाटतं, काय असेल?”

आजूबाजूचे चार-पाच जण थांबले. उस्तादांचे कान पुन्हा तापले, पण त्यांनी नजर खाली घेतली नाही.

“मला माहीत नाही,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “चला, बघून येऊ.”