लालमिया मिस्त्रीचं ऐकणं

माघातल्या उन्हाला आमच्या वऱ्हाडात वेचलेल्या कापसाचा रंग येतो. त्या सैल, पांढुरक्या उजेडात मोटारीच्या उघड्या इंजिनावर झुकून, डोळे मिटून उभा असलेला लालमिया मिस्त्री आठवला की आधी त्याची मान आठवते: एका कानाकडे किंचित कललेली, जणू दूरवर कोणी गात आहे आणि त्यातल्या एकाच स्वराबद्दल याची तक्रार आहे.

मला तेव्हा त्या मानेचा संतापच आला होता. मागच्या बैठकीवर आईच्या मांडीत माझी नऊ वर्षांची बहीण द्वारका घटसर्पाने गुदमरत होती. घटसर्पाचं विष उतरवणारी लस खामगावच्या दवाखान्यात होती. आणि गावच्या देशमुखांकडून मागून आणलेली मोटार पिंपळगाव राजा या लालमियाच्या गावच्या वेशीवर खोकून खोकून बंद पडली होती. ज्या देशमुखांविरुद्ध मी पत्रकं छापून वाटली, त्यांचीच ही मोटार. हे सांगायला मी का लाजू? लाज वाटायची असेल तर नागपुरात बसून वऱ्हाडचा कारभार हाकणाऱ्यांना वाटो. आमच्या टापूत आजारी मोटारीला मिस्त्री मिळतो, आजारी मुलीला डॉक्टर मिळत नाही.

"मिस्त्री, आयकत काय बसले? पोरीले दम घेता येऊन नाही राह्यला!"

"तिलेबी नाही अन् इलेबी नाही," इंजिनावर हात ठेवून, डोळे न उघडता तो म्हणाला. "तू वरडला त मले दोघीचंबी आयकू येत नाही. चूप राह्य."

सभेतसुद्धा मला कोणी असं गप्प केलेलं नव्हतं.

ड्रायव्हरने हँडल मारलं. इंजिन जागं झालं, मंद लयीत चालू लागलं, आणि वेग देताच कार्बोरेटरमधून फटकन शिंकून विझलं. त्या शिंकेसरशी लालमियाच्या कपाळावरची आठी विरली. "हवा जास्त, पेट्रोल कमी," तो पुटपुटला. "उपाशी हाय बिचारी."

मग त्याची बोटं हलली. जाड, काळपट, नखांच्या कडांत तेलाची अमावास्या साठलेली ती बोटं कार्बोरेटर उघडताना मात्र एखाद्या सुईणीच्या बोटांसारखी हळुवार झाली. पेट्रोल ज्याच्या बारीक छिद्रातून इंजिनाकडे जातं ते पितळी जेट त्याने काढलं आणि सूर्यासमोर धरलं. छिद्रातून उजेडाचा कणही येईना. मी पत्रकांच्या गठ्ठ्याची टाचणी पुढं केली, तर त्याने माझ्या हातावर चापट मारली.

"टाचनी नोको घालू बे! भोक मोठं झालं का मंग जन्मभर धूर वकन!"

त्याने घोड्याच्या शेपटीचा एक केस घेतला आणि त्या सूक्ष्म अंधारातून अलगद फिरवला. केसाच्या टोकाला पांढऱ्या तंतूंची एक गुंडी बाहेर आली.

"पेट्रोल कोनं गाळलं?"

मीच गाळलं होतं. ड्रायव्हरला गाळायचं कातडं सापडेना, तेव्हा मी माझा कोरा, हातसुताचा खादीचा पंचा पुढं केला होता. आणि खोटं कशाला बोलू, देशमुखांच्या विलायती मोटारीच्या टाकीवर खादी पसरताना माझी छाती फुगलीही होती.

"तुह्या पंच्यानं देश सुटन तवा सुटन, भाऊ," लालमिया म्हणाला. "आज त त्यानं मोटार धरली."

आई त्या अवस्थेतही हसली. मला हसू आलं नाही. खांद्यावरचा पंचा मात्र मी बैठकीखाली सारला.

त्याने टाकी डब्यात रिकामी केली, सारं पेट्रोल हरणाच्या मऊ कातड्यातून पुन्हा गाळलं, जेट फुंकून बसवलं. इंजिन चालू झालं तसा मी उडी मारून आत बसलो आणि निघायची घाई केली. तो ढिम्म. "आता सोडली त पहिल्या चढावर दम तोडन," म्हणत त्याने मिश्रणाचा स्क्रू आत फिरवला, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर, ते जड होईपर्यंत. आणि या दोन अस्वस्थतांच्या मधली ती एक अरुंद, निवांत जागा तो श्वास रोखून शोधत राहिला. अखेर मागं जाऊन त्याने धुराच्या नळीपुढं तळहात धरला. ठोके समान झाले. त्याच ओल्या काळ्या हाताची पाठ त्याने द्वारकाच्या नाकाशी नेली, क्षणभर थांबला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "जाय. कुठंच थांबू नोको."

मोटार कुठंच थांबली नाही. लस टोचली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाच्या घशातली करवतीसारखी घरघर मंदावत मंदावत निमाली, आणि ती झोपली, नुसती झोपली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडलो, आणि इतकं हलकं मला कुठल्याही विजयाने केलेलं नाही.

लालमियाला जाऊन आता दोन पावसाळे झाले. मी आभार मानायला गेलो होतो तेव्हा तो कुणाच्या तरी इंजिनात बुडालेला होता आणि त्याने मला ओळखलंही नाही. द्वारकाला तर तो आठवतच नाही. तापाने त्या दुपारचं सारं पुसून टाकलं. ज्याने तिला काळाच्या हातून सोडवून आणलं त्याचा चेहराही तिच्यापाशी नाही, आणि याचं मला अलीकडे वाईट वाटेनासं झालं आहे: ती अंगणात मोठमोठ्यानं भांडते, धावते, धापा टाकते, आणि गेलेल्या माणसाची याहून खरी आठवण चेहरा लक्षात ठेवूनही कुणाला जपता येणार नाही.