आठ मेंढरांचा गेम

मायानं शिरवळच्या शेडमध्ये 'भिंगरी' नावाचं, हातात मावेल असं गेमचं यंत्र काढलं. चौदा महिन्यांत त्र्याऐंशी खपली, पैकी एकेचाळीस नातेवाइकांत. यंत्र फार छान आहे असं नातेवाइकांनी कळवलं, म्हणजे खोकं उघडलेलं नव्हतं. सोमवारपर्यंत मागणी आली नाही, तर शेड मिक्सरची झाकणं बनवणाऱ्याला द्यायची आणि जोडणीवरच्या नऊ बायकांना घरी पाठवायचं, असं ठरलं होतं.

"ताई, यंत्र कुणी घेतच नसतं," तिचा धाकटा भाऊ प्रबुद्ध म्हणाला. गेम तो बनवायचा. "लोक गेम घेतात. एक गेम चालला की यंत्र त्याच्या मागनं जातं."

"हे तू कबड्डीच्या वेळी म्हणालास. बैलगाड्यांच्या वेळी पण म्हणालास."

"ते मोबाइलवर फुकट मिळतं. हे नाही मिळणार."

नव्या गेममध्ये शंभर मेंढरं संध्याकाळी परत यायची, आणि कुठलं आलं नाही ते खेळणाऱ्यानं ओळखायचं.

शेडमागच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, जतच्या बिराप्पाची. बुधवारी प्रबुद्धनं भिंगरी त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं ती जरा लांब धरून पाहिली.

"शंबर कुठली? आठच हाईत की. हीच मागनं परत येतीया. आन ही डाव्या कानानं तुटकी, हितं उजव्या कानानं तुटकी करून उबी केलीया. आमाला येडं समजतोस व्हय रं?"

प्रबुद्धनं खरंच आठ काढली होती. बाकीची आरशासारखी उलटी करून, रंग बदलून भरली होती. तीन महिन्यांत हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि बघणाऱ्यांत चार इंजिनिअर होते.

माया हसली. "बाबा, तुमची किती आहेत?"

"मोजत न्हाई आमी. बगतो."

मेंढरं तेव्हा वाघरीच्या जाळीत शिरत होती. धुरळ्यात मायाला नुसती लोकर दिसत होती. बिराप्पा तंबाखू मळता मळता म्हणाला, "लंगडीची लेक न्हाई आली."

लेक टेम्पोमागं उभी राहून पुठ्ठ्याचं खोकं खात होती. खोकं भिंगरीचं होतं.

मायाचं हसू गेलं. "प्रबुद्ध," ती हळू म्हणाली, "बाबांची सगळी काढ."

दोन दिवस तो एकेका मेंढीचा फोटो काढत होता आणि बिराप्पा तिचं नाव, तिची आई, तिचा स्वभाव सांगत होता. दोनशे बारा चेहरे निघाले, सगळे वेगळे. प्रबुद्धच्या कॉलेजच्या ग्रुप फोटोत इतके वेगळे चेहरे नव्हते.

शनिवारी बिराप्पा खेळायला बसला. जोडणीवरच्या बायका हात थांबवून भोवती उभ्या राहिल्या. शेवटची मेंढी आत शिरायच्या आधीच तो बोलायचा. "भोरी न्हाई." "काळतोंडी न्हाई." वीसपैकी वीस. मग अचानक त्याचा अंगठा थांबला.

"ही काल हायवेवर ट्रकखाली गेली."

पडद्यावर एक पांढरी मेंढी मान हलवत चालली होती.

"काढून टाकतो, बाबा," प्रबुद्ध म्हणाला.

"ऱ्हाऊ दे रं. चालतीया की."

बिराप्पानं भिंगरी विकत घेतली, फेट्याच्या शेवात बांधली आणि उठला.

रविवारी बिराप्पाची भिंगरी बघून, जवळच मेंढरं बसवलेला म्हसवडचा जालिंदर दोघा मेंढक्यांना घेऊन आला. प्रबुद्धनं मोठ्या उत्साहानं बिराप्पाचा गेम पुढं केला.

"दुसऱ्याची मेंढरं घिऊन काय करू गड्या? आमची घाल की ह्यात."

संध्याकाळपर्यंत मागणारे चौदा जण झाले. प्रबुद्ध नाचतच आत आला. "ताई, गेमनं यंत्र खपलं!"

"कुठल्या गेमनं?"

त्यानं विचार केला. चौदा यंत्रांना चौदा गेम लागणार होते, आणि प्रत्येक गेमला जगात एकच गिऱ्हाईक होतं. व्यापाराच्या कुठल्याही पुस्तकात हे बसत नव्हतं. मायानं रानाकडं पाहिलं. सातारा, सांगली आणि पलीकडं सीमेपर्यंत किती कळप असतील, हे तिनं मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

सोमवारी सकाळी झाकणवाल्याचा फोन आला. "मॅडम, शेड रिकामी झाली का?"

शेडमध्ये नऊ बायका जोडणीला बसल्या होत्या. जालिंदरची मेंढरं दारात दाटीवाटीनं फोटोसाठी थांबली होती.

"नाही हो," माया म्हणाली. "अजून एकशेनव्वद आत यायची आहेत." मग दाराकडं नीट बघून म्हणाली, "थांबा. एकशेएकोणनव्वद. एक कानतुटी होती, ती कुठं गेली?"