तडा माझा आहे

साहेब, त्या दोघींमध्ये आग तुम्ही लावलीत.

थोरली आणि धाकटी, सख्ख्या भावांच्या बायका, एकाच कारखान्यात कामाला. थोरली पहिल्या भट्टीवर. काच वितळवायची, साच्यात ओतायची आणि पाट्या हळूहळू निववायची. पाटी नितळ निघायची, पण मुकी. खाली निळा दिवा धरला तर निळाच उजेड आरपार. मग ती धाकटीच्या भट्टीत पुन्हा तापायची, तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे स्फटिक धरायचे आणि त्याच निळ्या दिव्यावर ती उबदार, पांढरी उजळायची.

अशी पाटी सगळ्यांसमोर उचलून तुम्ही म्हणालात, "हा उजेड धाकट्या बाईंचा. नवा विभागही त्याच सांभाळतील."

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. घरी सासूबाईंनी त्यात तेल ओतलं.

"धाकटीने नाव काढलं हो!"

"काच कुणाची होती, ते विचारा की तिला."

"अगं, काच काय, खिडकीलाही असते."

थोरलीने हातातलं पातेलं असं आदळलं की त्याला पोचा आला.

दुसऱ्या दिवशी तिने पाट्या पुरत्या निवायच्या आत बाहेर ओढल्या. घाईने निवलेल्या काचेत ताण अडकून बसतो. वरून काही दिसत नाही; पुन्हा तापवली की फुटते. बघू आता कुणाचा उजेड पडतो ते!

धाकटीच्या भट्टीतून फटकन आवाज आला. पाटीचे दोन तुकडे. तुम्ही धावत आलात. धाकटी रडवेली झाली होती.

"माझंच चुकलं, साहेब. ताप जरा भरभर चढवला मी."

"होतं हो. काम करणाऱ्याच्याच हातून चुकतं. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. विभाग तुमचाच."

थोरली दारात उभी राहून ऐकत होती. उजेड धाकटीचा, तडा धाकटीचा आणि वर मोठं मनही तिचंच! मग इतकी वर्षं भट्टीपुढे थोरलीने काय केलं, हात शेकले?

"तडा माझा आहे!" ती ओरडली.

"जाऊबाई, माझ्यासाठी कशाला..."

"तुझ्यासाठी? तुझ्यासाठी मी पाण्याचा पेला हलवायची नाही! जळून केलंय मी हे, कळलं?"

तिने त्याच खेपेला ओतलेली दुसरी पाटी आणून ताण तपासायच्या यंत्रात ठेवली. नितळ काचेत अडकलेल्या ताणाचे लाल, हिरवे, जांभळे पट्टे उमटले. धाकटी बघतच राहिली.

"म्हणजे मी उगाच स्वतःला दोष देत होते? कमाल आहे तुमची, जाऊबाई!"

"आता शिक्षा तुम्हाला होईल," तुम्ही थोरलीला बजावलंत.

"होऊ द्या. विभाग तिलाच द्या, खुशाल द्या. पण पाटी फुटली तर माग माझ्या भट्टीपर्यंत येतो ना? मग पाटी उजळली तेव्हा तो धाकटीच्या दारातच का थांबला?"

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. यंत्रातली पाटी तशीच, थोरलीही तशीच उभी.

साहेब, चष्मा पुसून झाला. आता बोला. का थांबला?